बुडत्या कारखान्याची मोटार

नवी मोटार विकत घेणे हा या पानाच्या बहुसंख्य वाचकांच्या जीवनातील नित्याचा प्रश्न नव्हे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. आपल्या कार्यकर्त्यांची भ्रमंती एस. टी.च्या लाल गाडीने होते, आणि जिल्हा कचेरीच्या दारात क्वचित एखादी मोटार उभी राहिली तर ती कोणाची, अशी चौकशी आजही होते. तरीही एखादी मोटार कंपनी आर्थिक संकटात सापडलेली असताना तिची नवी गाडी घ्यावी की घेऊ नये, हा वरवर निव्वळ ग्राहकाचा वाटणारा प्रश्न थोडा खरवडला, तर त्याखाली आपल्या नेहमीच्या चिंतनाचा विषय लागतो. कारखाना बुडू लागला म्हणजे त्याने दिलेल्या शब्दांपैकी कोणते पाळले जातात, कोणते मोडले जातात, आणि हा निवाडा कोण करतो?

भाजी, कापड, पुस्तक यांचा व्यवहार पैसे दिले की संपतो. मोटारीचा व्यवहार त्या दिवशी सुरू होतो. गाडीबरोबर कंपनी अनेक वर्षांचे वचन विकत असते. यंत्रात दोष निघाल्यास ती तो फुकट दुरुस्त करून देईल, सुटे भाग दहा-पंधरा वर्षे मिळत राहतील, जवळपास तिचा अधिकृत विक्रेता असेल, आणि गाडी विकायची वेळ आली तर तिला बाजारात काही मोल असेल. हे वचन विश्वासावर असते, तारण काही नसते. म्हणजे गाडी घेणारा माणूस नकळत त्या कंपनीचा बिनतारणी सावकार झालेला असतो. दिवाळखोर विमान कंपनीचे तिकीट लोक निर्धास्तपणे काढतात, कारण तो सौदा दोन तासांत पुरा होतो. दिवाळखोर मोटार कंपनीच्या दारात मात्र कोणी फिरकत नाही. कंपनी बुडणार या भयाने ग्राहक दूर राहतात, आणि ग्राहक दूर राहिल्यामुळे ती खरोखरच बुडते.

या दुष्टचक्राचे सर्वांत मोठे दर्शन २००८-०९ साली अमेरिकेत घडले. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात जनरल मोटर्स, क्रायस्लर आणि फोर्ड या तीन कंपन्यांचे प्रमुख खाजगी विमानांतून वॉशिंग्टनला उतरले आणि त्यांनी लोकप्रतिनिधींपुढे २५ अब्ज डॉलरच्या कर्जासाठी हात पसरला. भीक मागायला विमानाने येण्याचा हा प्रकार पाहून तिथल्या भांडवलशाहीच्या भक्तांनाही लाज वाटली. दिवाळखोरीच्या न्यायालयात जाण्याऐवजी सरकारी मदत का हवी, याचे व्यवस्थापनाने दिलेले मुख्य कारण हेच होते की दिवाळखोर कंपनीची गाडी लोक घेणार नाहीत. डिसेंबरात सिनेटने मदतीचे विधेयक अडवले. तेव्हा अध्यक्ष बुश यांनी, जे जन्मभर बाजाराच्या स्वातंत्र्याची ग्वाही देत आले होते त्यांनी, बँकांसाठी राखलेल्या निधीतून १७.४ अब्ज डॉलर या दोन कंपन्यांना दिले. फोर्डने ते कर्ज घेतले नाही.

नंतर अध्यक्ष ओबामा आले. ३० मार्च २००९ रोजी त्यांनी कंपन्यांच्या पुनर्रचनेच्या योजना अपुऱ्या ठरवून परत केल्या, आणि त्याच भाषणात एक विलक्षण घोषणा केली. या काळात जनरल मोटर्स किंवा क्रायस्लरची नवी गाडी घेणाऱ्याच्या वॉरंटीमागे यापुढे अमेरिकेचे सरकार उभे राहील! ही यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. वॉरंटीखाली जो दुरुस्तीखर्च अपेक्षित असेल त्याच्या १२५ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची, त्यातील १५ टक्के कंपनीने आणि ११० टक्के सरकारने द्यायची. कंपनी कोसळली तर त्या पैशातून दुसऱ्या कोणाकडून दुरुस्त्या करून घ्यायच्या. यासाठी सरकारने सुमारे ६४ कोटी डॉलर बाजूला काढले, आणि दोन्ही कंपन्या न्यायालयातून नव्या रूपात बाहेर पडल्यावर जुलै महिन्यात ते परतही आले. म्हणजे प्रत्यक्ष खर्च जवळजवळ शून्य. राज्यसंस्थेने केवळ शब्द दिला आणि त्या शब्दाने ग्राहकाची भीती आवाक्यात राहिली.

समाजवादी विचाराच्या माणसाला यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. ज्या वस्तूला बाजारात विश्वासार्हता उरलेली नाही तिला विश्वासार्हता देण्याची शक्ती अखेर समाजाच्या सामूहिक तिजोरीतच असते. आश्चर्य आहे ते पुढील गोष्टीचे. हा शब्द ज्या सहजतेने गिऱ्हाइकाला मिळाला, त्या सहजतेने तो आणखी कोणाला मिळाला?

३० एप्रिलला क्रायस्लरने आणि १ जूनला जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. तत्पूर्वी आणि त्या ओघात युनायटेड ऑटो वर्कर्स या कामगार संघटनेकडून काय काय सोडवून घेण्यात आले ते पाहा. महागाईशी निगडित वेतनवाढ गेली, काम नसतानाच्या काळात मिळणारे संरक्षण गेले, आणि २०१५ सालापर्यंत वेतनाच्या प्रश्नावर संपाचा हक्कही गेला. निवृत्त कामगारांचे दात आणि डोळे यांच्या उपचारांचे संरक्षण काढून घेतले गेले. तीस वर्षे मोटारी जोडून ज्याची दृष्टी मंदावली त्याला चष्म्याचे पैसे नाकारायचे, हा हिशेब ज्यांनी मांडला त्यांना त्यात काही वावगे दिसले नसावे. निवृत्तांच्या आरोग्यनिधीत कंपनीने जी रोख रक्कम भरायची होती तिच्या मोठ्या भागाऐवजी त्यांना नव्या कंपनीचे भाग देण्यात आले: जनरल मोटर्सचे १७.५ टक्के आणि क्रायस्लरचे निम्म्याहून अधिक. कागदावर कामगारांचा निधी क्रायस्लरचा सर्वांत मोठा मालक झाला, संचालक मंडळात मात्र त्याला एकच जागा मिळाली. १९८० साली क्रायस्लरला पहिल्यांदा सरकारी हमीने वाचवले तेव्हाही संघटनेचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर यांना संचालक मंडळात घेतले होते. एका खुर्चीने कारखान्याची सत्ता हलत नाही, हे तेव्हापासून ठाऊक होते.

नव्याने भरती होणाऱ्या कामगाराला जुन्याच्या निम्म्या दराने, तासाला सुमारे १४ डॉलरवर घेण्याची पद्धत २००७ च्या करारातच आली होती. ती या संकटात पक्की झाली. एकाच पट्ट्यावर शेजारी शेजारी उभे राहून एकच काम करणारे दोन कामगार, आणि एकाचे वेतन दुसऱ्याच्या दुप्पट! कामगारांची एकजूट फोडण्यासाठी कोणत्याही मालकाला याहून स्वस्त साधन सापडले नसते. वेतनाचा करार हाही कंपनीने दिलेला शब्दच असतो. पण तो ‘अवास्तव’ ठरला, आणि वॉरंटीचा शब्द ‘अत्यावश्यक’. कारण उघड आहे. गिऱ्हाईक दुकानातून उठून जाऊ शकते. ओहायोच्या गावात घराचे हप्ते फेडणारा पन्नाशीचा कामगार जाणार कुठे?

परंतु या प्रकरणाचा सर्वांत काळा भाग गिऱ्हाइकाच्याच वाट्याला आला, आणि तो पाच वर्षे दडून राहिला.

दिवाळखोरीच्या न्यायालयातून जनरल मोटर्स बाहेर आली ती दोन कंपन्या होऊन. चांगले कारखाने, चांगली नावे आणि चालू करार घेऊन १० जुलै २००९ रोजी एक ‘नवी’ जनरल मोटर्स जन्मली. बंद कारखाने, जुनी कर्जे आणि नकोसे दावे ‘मोटर्स लिक्विडेशन कंपनी’ या नावाच्या सांगाड्यात टाकून दिले. वॉरंट्या नव्या कंपनीने स्वीकारल्या. त्या तारखेनंतर होणाऱ्या अपघातांची जबाबदारीही, राज्यांच्या महाधिवक्त्यांनी दबाव आणल्यावर, तिने घेतली. पण त्यापूर्वी सदोष गाडीत जे जायबंदी झाले किंवा मेले, त्यांचे दावे त्या सांगाड्याकडे गेले. चुलीतली राख परसात टाकावी तसे.

आता शेवरोले कोबाल्ट या गाडीकडे वळू. ओहायो राज्यातील लॉर्डस्टाउनच्या कारखान्यात ती तयार होई. हा तोच कारखाना, जिथे पट्ट्याच्या अमानुष वेगाविरुद्ध १९७२ साली तरुण कामगारांनी केलेला संप जगभर गाजला. या गाडीचे आणि तिच्या भावंडांचे किल्लीचे स्विच सदोष होते. जड जुडग्याच्या ओझ्याने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने ते जागचे सरकत असे, धावत्या गाडीचे इंजिन बंद पडे, सुकाणू आणि ब्रेक जड होत, आणि टक्कर झाली तर हवेची पिशवी उघडत नसे. कंपनीतील अभियंत्यांना या दोषाची चाहूल किमान दहा वर्षे होती. सुधारित भागाचा वाढीव खर्च गाडीमागे एका डॉलरहूनही कमी होता. तरीही फेब्रुवारी २०१४ पर्यंत गाड्या परत मागवल्या गेल्या नाहीत. मग आकडा निघाला २६ लाख गाड्यांचा. कंपनीनेच नेमलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषामुळे घडल्याचे मान्य केले.

म्हणजे २००९ च्या वसंत ऋतूत सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवून जनरल मोटर्सची नवी गाडी घेणाऱ्या माणसाला गिअरपेटीची हमी राष्ट्राध्यक्षांकडून मिळाली होती, आणि त्याच कंपनीच्या आधी विकलेल्या गाड्यांतील, मृत्यूला कारणीभूत होऊ शकणारा दोष लोकांपासून लपवलेला होता. त्या काळात कंपनीचा बहुसंख्य मालक कोण होता? ६०.८ टक्के भागांसह खुद्द अमेरिकेचे सरकार. आपल्याकडे जे लोक मालकी सरकारकडे आली की प्रश्न मिटला असे मानतात, त्यांनी या ठिकाणी थोडे थांबावे. मालकी बदलली, पण कारखान्यातील माहितीवर कोणाचा ताबा आहे आणि दोष दिसलेला अभियंता किंवा कामगार निर्भयपणे बोलू शकतो काय, हे बदलले नाही. सरकारने त्या मालकीचा उपयोग लवकरात लवकर भाग विकून बाहेर पडण्यापुरताच केला. सुमारे ५० अब्ज डॉलर घातले, डिसेंबर २०१३ पर्यंत सुमारे ३९ अब्ज परत घेतले, आणि समाधानाचा निःश्वास सोडला. दोन महिन्यांनी स्विचची बातमी फुटली.

कंपनीचे वकील मग न्यायालयात म्हणाले की हे दावे जुन्या कंपनीवरचे आहेत, नवी कंपनी त्यांना बांधील नाही. २०१५ साली दिवाळखोरी न्यायालयाने बव्हंशी तसाच निर्णय दिला. २०१६ च्या जुलैत वरिष्ठ न्यायालयाने तो फिरवला, कारण ज्यांना दोषाची सूचनाच दिली नव्हती त्यांचे हक्क त्यांच्या पश्चात विकून टाकता येत नाहीत. न्याय झाला म्हणायचा, पण सात वर्षांनी.

ब्रिटनमध्ये एम. जी. रोव्हरचे जे झाले ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात पुण्याचा धागा आहे. बी. एम. डब्ल्यू.ने ही तोट्यातील कंपनी २००० साली अवघ्या दहा पौंडांना चार उद्योजकांच्या हवाली केली. लाँगब्रिजच्या कारखान्याला नवी गाडी तयार करण्याइतके भांडवल उरले नव्हते, म्हणून २००३ पासून पुण्यात तयार झालेली टाटांची इंडिका ‘सिटीरोव्हर’ या नावाने तिथे विकली जाऊ लागली. एप्रिल २००५ मध्ये कंपनी कोसळली, सुमारे सहा हजार कामगार घरी गेले, ग्राहकांच्या वॉरंट्या कंपनीबरोबरच बुडाल्या. तिथे कोणी पंतप्रधान वॉरंटीमागे उभे राहिले नाहीत. त्या उद्योजकांनी आणि त्यांच्या मुख्य अधिकाऱ्याने मिळून चार कोटी पौंडांहून अधिक वेतन व निवृत्तिलाभ आधीच घरी नेले होते. ‘एम. जी.’ हे नाव मात्र विकले गेले, चीनच्या सरकारी कंपनीकडे पोहोचले, आणि २०१९ पासून त्या नावाच्या गाड्या गुजरातेत हालोल येथे, जनरल मोटर्सने सोडून दिलेल्या कारखान्यात बनू लागल्या. एका मृत कंपनीचे नाव आणि दुसरीने टाकलेली वास्तू! भांडवलाला पुनर्जन्म असतो, हे आपल्या पुराणांना सुचले नव्हते.

आता घराकडे पाहू. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला तो नेमका २००८ साली. २०१७ च्या मे महिन्यात कंपनीने भारतातील विक्री बंद करण्याचे जाहीर केले, तळेगावात काही काळ निर्यातीसाठी गाड्या बनवल्या आणि डिसेंबर २०२० मध्ये पट्टा थांबवला. शेवरोलेच्या भारतीय ग्राहकांना सेवा आणि सुटे भाग यांचे आश्वासन मिळाले, जरी त्यांच्या गाडीचे बाजारातील मोल एका रात्रीत खाली आले. चौदाशेच्या आसपास कामगारांना मात्र सक्तीच्या कपातीची नोटीस मिळाली. आधी चिनी कंपनीशी झालेला विक्रीचा करार बारगळला, मग २०२३ साली ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला. जमीन, इमारत आणि यंत्रे नव्या मालकाकडे जातात तर माणसे का जाऊ नयेत, हा कामगारांचा प्रश्न होता. इमारतींची विक्री करारात मांडता येते. पंधरा वर्षांच्या कौशल्याचे मूल्य मांडायला त्या करारात रकानाच नसतो.

त्याही पूर्वीचे उदाहरण आपल्या वाचकांतील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने नव्वदीच्या दशकात दोन परदेशी कंपन्यांशी संसार मांडला. १९९६ साली फियाट उनोसाठी लाखांच्या संख्येने आगाऊ नोंदणी झाली, आणि प्रत्यक्ष रस्त्यावर आलेल्या गाड्या त्या मानाने अगदी थोड्या होत्या. प्यूजोबरोबरचा कल्याणचा प्रपंच तर १९९७ साली मोडला, आणि आगाऊ रक्कम भरलेल्या अनेकांना ती परत मिळवण्यासाठी ग्राहक न्यायालयांचे उंबरठे झिजवावे लागले. ‘नोंदणीची रक्कम’ हे गोंडस नाव आहे. ते बिनतारणी कर्ज असते, आणि अडचणीतल्या कंपनीला बँकेपेक्षा ग्राहकाकडून कर्ज काढणे सोपे जाते.

आज अशी कंपनी आपल्याकडे दिवाळखोरीत गेली तर काय होईल? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत, मालमत्ता विकून आलेल्या पैशाचा क्रम कलम ५३ मध्ये ठरवून दिला आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. नंतर कामगारांचे मागील चोवीस महिन्यांचे देणे आणि तारण असलेल्या बँकांचे देणे एकाच पायरीवर. नंतर इतर कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांचे वेतन, मग बिनतारणी वित्तीय धनको, मग सरकार. ‘उर्वरित देणी’ त्यानंतर येतात, आणि आगाऊ पैसे भरून गाडीची वाट पाहणारा किंवा वॉरंटीचा कागद हाती धरून बसलेला ग्राहक या उर्वरितांत मोडतो. घर घेणाऱ्यांनी मोठा लढा दिला म्हणून २०१८ च्या दुरुस्तीने त्यांना वित्तीय धनकोचा दर्जा मिळाला आणि धनकोंच्या समितीत मत मिळाले. मोटार घेणाऱ्याला ते नाही. कामगाराला दुसरी पायरी आहे हे खरे, परंतु कंपनी मोडीत न काढता नव्या मालकाला विकायची की नाही, हे ठरवणाऱ्या त्या समितीत कामगाराला मत नाही.

यावर काही सहृदय मित्रांचे म्हणणे असते की कारखाना संकटात असेल तर त्याच्याच वस्तू घ्याव्यात, तेवढ्याच कामगारांच्या नोकऱ्या वाचतील. भावना चांगली आहे. पण आपली खरेदी कामगारापर्यंत पोहोचेल याची हमी कोणती? लाँगब्रिजच्या गाड्या देशप्रेमापोटी घेणारे ब्रिटिश ग्राहक होतेच. त्यांचे पैसे कोठे मुरले ते वर सांगितले. उलट जो ग्राहक घाबरून दूर राहतो त्याला कामगारांचा शत्रू मानणेही अन्यायाचे आहे. पोटाला चिमटा घेऊन सात वर्षांच्या हप्त्याने गाडी घेणारा शिक्षक किंवा टॅक्सीचालक ही जोखीम का पत्करील?

टॅक्सीवरून आणखी एक गोष्ट. प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन शतकाच्या वळणावर थांबले, तरी मुंबईच्या रस्त्यांवरील तिची अखेरची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. कंपनीने गाड्या बनवणे सोडल्यावर दोन दशके त्या गाड्या कोणी जिवंत ठेवल्या? पदपथावर पाने-पकडी मांडून बसणाऱ्या मिस्त्रींनी आणि जुन्या सुट्या भागांच्या बाजारांनी. याच्या उलट टोकाला अमेरिकेतील फिस्कर ही विजेच्या गाड्यांची कंपनी पाहा. मार्च २०२४ मध्ये तिने आपल्या गाडीच्या किमती एकदम चोवीस हजार डॉलरपर्यंत उतरवल्या. स्वस्ताईला भुलून लोकांनी गाड्या घेतल्या, आणि जूनमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्या सुमारे अकरा हजार गाड्या दूरच्या संगणकाशी जोडलेल्या, त्यांच्या आज्ञावल्या कंपनीच्या कुलपात. मालकांनी अखेर स्वतःची संघटना काढून सुटे भाग आणि आज्ञावल्या मिळवण्याची खटपट सुरू केली. गाडी दारात उभी, मालकीचा कागद हाती, आणि तिची दुरुस्ती करण्याचे ज्ञान दुसऱ्याच्या मालकीचे. आपल्या मिस्त्रीच्या हातातून पान्हा काढून घेण्याची ही नवी रीत आहे, आणि आपल्या कामगार संघटनांनी तिची अजून पुरेशी दखल घेतलेली नाही.

मागणी काय करावी, हे त्यामुळे फारसे अवघड राहत नाही. घरबांधणीच्या २०१६ च्या कायद्याने बिल्डरला ग्राहकांच्या पैशातील ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पासाठी स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले आहे. वाहनाच्या आगाऊ रकमेला आणि वॉरंटीच्या अपेक्षित खर्चाला तोच नियम लावण्यात अडचण कोणती? २००९ साली अमेरिकेने हेच खाते संकट आल्यावर घाईघाईने उघडले. ते कंपनी सुस्थितीत असतानाच उघडले पाहिजे. कंपनी बंद पडली तर दुरुस्तीच्या आज्ञावल्या आणि सुट्या भागांचे आराखडे सार्वजनिक व्हावेत. आणि धनकोंच्या समितीत कामगारांचा व ग्राहकांचा प्रतिनिधी मतासह असावा. ग्राहक पंचायती आणि कामगार संघटना आजवर एकमेकींकडे पाठ करून बसल्या आहेत. एकीला संपामुळे गाडी उशिरा मिळते याची तक्रार, दुसरीला ग्राहक म्हणजे मध्यमवर्गीय आप्पलपोटा वाटतो. कोबाल्टचा स्विच सदोष आहे हे ज्यांना कारखान्यात कळू शकत होते आणि ज्यांना रस्त्यावर भोगावे लागले, त्यांच्यात एका पत्राचेही दळणवळण नव्हते.

तोपर्यंत कोणी व्यवहाराचा सल्ला विचारलाच, तर तो असा: अशा कंपनीला आगाऊ पैसे देऊ नयेत, गाडी समोर आल्यावरच द्यावेत. मिळणारी सवलत ही कंपनीची उदारता नसून आपण घेत असलेल्या जोखमीची किंमत आहे, हे ओळखून ती पुरेशी आहे का ते पाहावे. आणि सौदा करण्यापूर्वी आपल्या तालुक्याच्या गावातील मिस्त्रीला नेऊन बॉनेट उघडून दाखवावे. यातले आपल्याला किती उघडता येईल, हे तो पाच मिनिटांत सांगेल.